मेलबर्नचे तीन गोल आणि आपले सर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असे सांगितले. एकतीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस निजामाची राजवट, मुक्तिसंग्राम किंवा फार तर औंढ्याचे मंदिर असे काहीतरी घेऊन येईल, अशी त्यांची समजूत असावी. मी फुटबॉल घेऊन आलो आहे. मुक्तिसंग्रामही थोडा येईल, कारण तो आल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आपल्या १९८० च्या दहावीच्या तुकडीला खेळाच्या सामानाची ती अंधारी खोली आठवत असेल. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने तीन आकडे लिहिलेले असत: ९, ३३, ५०. पुसट झाले की पी.टी.चे सर ते पुन्हा गिरवत. नवीन मुलांना वाटे, कवायतीचे काहीतरी असेल. कोणी विचारलेच तर सर म्हणत, “मिनिटं आहेत ती. मेलबर्नची. नेव्हिल डिसूझाची.” एवढे बोलून ते शिट्टी तोंडात घालत आणि पुढचे विचारायची सोय राहत नसे. त्या तीन आकड्यांमागचा माणूस मला नीट कळायला बरीच वर्षे लागली. आणि तो कळता कळता सरही थोडे उशिरा कळले.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा, गोव्यात बारदेशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तिथली माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबई गाठत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ काढून एकत्र राहत आणि फुटबॉल, हॉकी, बँड हे सगळे आपल्याबरोबर घेऊन येत. नेव्हिल खेळाडू म्हणून घडले ते या मुंबईत. त्यांचे भाऊ डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

मुंबईचे फुटबॉल त्या काळी आजच्यासारखे कोपऱ्यात पडलेले नव्हते. रोव्हर्स करंडक ही स्पर्धा १८९१ मध्ये गोऱ्या पलटणींच्या सोयीसाठी सुरू झाली. पहिली कित्येक वर्षे तो करंडक पलटणींकडेच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा भारतीय संघाचे नाव प्रथमच त्यावर कोरले गेले. कूपरेजच्या मैदानावर देशभरातले संघ येत आणि शहर ते बघायला जाई. हिंगोलीकरांना पलटणीची गोष्ट नवी नाही. हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत आपल्याच गावाला होती. रिसाला बाजार आणि पेन्शनपुरा ही नावे आपण रोज उच्चारतो, ती त्या छावणीचीच उष्टी-खरकटी. फौजेच्या मागे बाजार आला, पेन्शन आली, तसाच देशातल्या अनेक गावांत चेंडूही आला. फरक एवढाच, की मुंबईतून पलटणी गेल्या तेव्हा तिथे चेंडू धरून ठेवणारे दुसरे कोणी उभे होते. हे दुसरे म्हणजे कंपन्या.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले आणि पुढे कॅल्टेक्सकडून. टाटांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. कॅल्टेक्स ही तेलाची परदेशी कंपनी होती. १९७६ मध्ये सरकारने तिचा इथला कारभार ताब्यात घेतला आणि पुढे तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरीवर घेत, सरावाला आणि सामन्यांना सुटी देत, आणि खेळ संपल्यावरही त्याचे टेबल राखून ठेवत. आज आपण ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणतो, त्याच्याकडे करार असतो, दलाल असतो, हंगामाची ठरलेली रक्कम असते. त्या वेळी यातले काही नव्हते आणि असूनही चालले नसते. ऑलिंपिकच्या फुटबॉलची दारे व्यावसायिकांना उघडली ती १९८४ मध्ये. त्याआधी तिथे जायचे तर कागदोपत्री हौशीच राहावे लागे. म्हणून त्या पिढीची कारकीर्द म्हणजे एका हातात हजेरीपत्रक आणि एका पायाशी चेंडू. पण हजेरीपत्रक होते म्हणून चेंडू होता, हे ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

नेव्हिल सेंटर फॉरवर्ड होते. हल्ली ‘स्ट्रायकर’ म्हणतात तोच. गोल मारणे हेच ज्याचे काम, असा माणूस. या जागेवरच्या खेळाडूचे एक दुःख असते. दहा जण राबतात आणि शेवटचा स्पर्श त्याचा असतो. चुकला तर शिव्या त्याला एकट्याला, आणि लागला तर टाळ्याही त्यालाच. मुंबईने १९५४-५५ चा संतोष करंडक जिंकला, तो काळ नेव्हिल यांच्या भरातल्या खेळाचा.

आता दुसरा माणूस. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. सुरुवातीला काचीगुड्याच्या शाळेत मास्तर होते, हे आपल्या गुरुजनांनी मुद्दाम वाचावे. मास्तरकीतून ते शारीरिक शिक्षणाकडे आणि तिथून फुटबॉलच्या शिकवणीकडे वळले. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला. म्हणजे नेव्हिल अठरा ते बावीस वर्षांचे असताना, त्यांच्याच शहरात, त्यांच्याच डोळ्यांदेखत, दरवर्षी हैदराबादचे पोलीस यायचे आणि करंडक घेऊन परत जायचे. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जे झाले ते विसरण्याजोगे नव्हते. ऑलिंपिकच्या त्या सामन्यात युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुतले. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. चार वर्षांपूर्वी लंडनला याच अनवाणी पायांचे साऱ्यांनी कौतुक केले होते. ३१ जुलै १९४८ ला भारत फ्रान्सकडून अवघ्या २-१ ने हरला, तोही दोन पेनल्टी वाया घालवून. हेलसिंकीनंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

त्या लंडनच्या तारखेपाशी मी नेहमी थबकतो. ३१ जुलै १९४८. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना झाला, तेव्हा हिंगोली भारतात नव्हती. आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्या वडिलांच्या पिढीने तो पावसाळा रझाकारांच्या धास्तीत काढला. १७ सप्टेंबर उजाडला तो त्यानंतर दीड महिन्याने. पुढची आठ वर्षे आपण भारतात होतो, पण हैदराबाद राज्यात. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. आपला तेव्हाचा परभणी जिल्हा त्यांतला एक. एका रात्रीत आपली राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली.

त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्नमध्ये हैदराबादच्या मास्तराने शिकवलेला आणि मुंबईच्या सेंटर फॉरवर्डने पुढे नेलेला भारतीय संघ मैदानात उतरला. हा योगायोगच. इतिहासाच्या मास्तराने योगायोगाला कारण समजू नये, हे मी मुलांना शिकवत आलो. तरी सरांनी खोलीच्या दारावर नेमके तेच आकडे का लिहावेत, याचे थोडे उत्तर मला या तीस दिवसांत दिसते. सर हैदराबादला शिकले होते आणि नोकरी मुंबई राज्यात करत होते. दोन्ही गावे त्यांचीच होती.

मेलबर्नला पहिल्या फेरीत भारतासमोर हंगेरी होती, पण हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले होते. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया आली. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. उजव्या बाजूला वीस वर्षांचे प्रदीपकुमार, म्हणजे पी. के. बॅनर्जी. सिकंदराबादचे तुळशीदास बलराम, हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर मुहम्मद आणि झुल्फिकारुद्दीन, मुंबईचे गोलरक्षक नारायण हे सगळे त्या संघात.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो याने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने तोही फेडला. मध्यंतराला २-२. यजमान संघ, त्यांचे मैदान, त्यांचे प्रेक्षक. दोनदा पुढे जाऊन दोनदा पकडले गेलेल्या संघाची मध्यंतरात काय अवस्था असते, हे खेळलेल्या माणसाला सांगायला नको. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा भारताला पुढे नेले. या वेळी ऑस्ट्रेलियाला परत येता आले नाही. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल घातला आणि सामना ४-२ असा संपला.

९, ३३, ५०. ऑलिंपिकमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा हे पहिले आशियाई फुटबॉलपटू. आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा आशियातला पहिला देश.

उपांत्य फेरीत, ४ डिसेंबरला, समोर कोण यावे? युगोस्लाव्हिया. हेलसिंकीला दहा गोल घालणारा तोच देश. पहिला अर्धा भाग गोलाविना गेला. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. चार वर्षांपूर्वी १०-१ ने हरलेला संघ युगोस्लाव्हियाविरुद्ध १-० ने पुढे होता आणि अंतिम सामना अडतीस मिनिटांवर उभा होता. ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. चोपन्नाव्या, सत्तावन्नाव्या आणि पासष्टाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाचे गोल आले, अठ्ठ्याहत्तराव्याला आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू आत गेला. ४-१. कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला, तो ३-० ने गेला. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्याच्या वर आजतागायत गेलेलो नाही.

चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. दुसरा युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, तिसरा बल्गेरियाचा मिलानोव. मायदेशी परतण्यापूर्वी, १२ डिसेंबरला, सिडनीत ऑस्ट्रेलियाशी आणखी एक सामना झाला. मेलबर्नचा निकाल नशिबाचा होता असे कोणाला वाटले असेल, तर त्याचे उत्तर तिथे मिळाले. भारताने तो ७-१ असा जिंकला.

आता मला जे सांगायचे आहे ते. त्या वेळी नेव्हिल चोवीस वर्षांचे होते. या वयाचा, ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल केलेला स्ट्रायकर आज असता, तर पुढची दहा वर्षे आपण त्याच्याविषयी रोज वाचले असते. नेव्हिल मुंबईला परतले आणि कंपनीच्या संघाकडून खेळत राहिले. १९५८ चा रोव्हर्स करंडक कॅल्टेक्सने जिंकला. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला. तो त्यांना मिळाला नाही. १९८० मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांचे होण्याआधी, ते गेले. आपण दहावीची परीक्षा दिली त्याच साली. दारावर त्यांच्या गोलांची मिनिटे लिहिलेल्या शाळेत ही बातमी आली होती का, मला आठवत नाही. सरांनी काही सांगितल्याचे आठवत नाही. परीक्षेच्या गडबडीत आपण त्या खोलीकडे फिरकलोही नसू.

अनेक लेखांत नेव्हिल यांची कारकीर्द ‘विझून गेली’ अशा सुरात सांगितलेली मी वाचली आहे. मला तो सूर पटत नाही. त्या माणसाने त्याचे काम चोख केले. चार गोल केले, त्यांतले तीन अशा वेळी केले की प्रत्येक गोलाने देश पुढे गेला. आणि चौथा जगातल्या एका उत्तम संघाविरुद्ध केला. विझली ती त्याच्या मागची साखळी. तिचे दुवे मी वर सांगितले: पलटणीने आणलेली स्पर्धा, ती बघायला येणारे शहर, खेळाडूला टेबल-खुर्ची देणारी कंपनी, दुसऱ्या शहरातून येऊन हरवून जाणारा तगडा प्रतिस्पर्धी, आणि या सगळ्यांना एकत्र आणून शिकवणारा मास्तर. मुंबई आणि हैदराबाद एकमेकांच्या खनपटीलाच बसलेली असत. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात हैदराबादने मुंबईलाच हरवले. त्या कुस्तीतून दोघांचेही खेळाडू तयार होत.

रहीमसाहेबांनी १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. कर्करोगाने अंग पोखरलेले असताना त्यांनी ते काम केले, आणि ११ जून १९६३ ला ते गेले. हैदराबादच्या पोलिसांचा दरारा त्यानंतर ओसरत गेला. मुंबईत मफतलाल, ओर्के मिल, महिंद्र अशा कंपन्यांनी संघ काढले, चालवले. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची मुंबईच बदलली. रोव्हर्स करंडक शतक ओलांडून २००१ च्या सुमारास थांबला. महिंद्र युनायटेड या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघही बंद झाला. दुवे एकेक करून निखळले, आणि मग आपण विचारत बसलो की नेव्हिलसारखा स्ट्रायकर पुन्हा का होत नाही.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो हिंगोलीतच, थोड्या वेगळ्या शब्दांत.

आपल्या तुकडीचा सेंटर फॉरवर्ड कोण होता हे वाचकांना सांगायला नको. त्याचे नाव लिहू नको, असे त्याने मला फोनवर बजावले आहे, म्हणून लिहीत नाही. नववीत असताना त्याची विभागाच्या संघासाठी निवड झाली. औरंगाबादला आठ दिवस शिबिराला जायचे होते. दिवस मुगाच्या काढणीचे. त्याच्या वडिलांनी नाही म्हटले. सर सायकलवरून त्याच्या गावाला गेले. डबलसीट मी होतो, कारण मला रस्ता माहीत होता. कयाधूच्या अलीकडे चिखलात सायकल हातात धरून चालावे लागले. वडिलांनी बसायला घोंगडी टाकली, चहा दिला आणि शांतपणे विचारले, “सर, चेंडू मारून पोट भरतं का?”

सर म्हणाले, “मुंबईत भरतं, भाऊ. कंपन्या नोकरी देतात.”

“मुंबईत,” ते म्हणाले. “हिंगोलीत देतात का?”

सरांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि आम्ही परत निघालो. वाटेत सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला एक शब्द विचारला नाही आणि संघातली जागाही बदलली नाही. तो पुढे आठवडाभर शाळेत आला नाही, आला तेव्हा हाताला मुगाच्या शेंगांचे काळे डाग होते, आणि संध्याकाळी तो खेळला.

तेव्हा मला वडिलांचा राग आला होता. आज येत नाही. त्यांचा प्रश्न बिनचूक होता. नेव्हिल डिसूझा होण्यासाठी पायात जे लागते ते आमच्या मित्राकडे किती होते, मला ठाऊक नाही. पण टाटा आणि कॅल्टेक्स हिंगोलीत नव्हते हे नक्की. आसगावच्या मुलापर्यंत साखळी पोचली, कारण ते कुटुंब मुंबईला जोडलेले होते. आपण मुंबई राज्याला जोडले गेलो ते नकाशावर.

एवढेच असते तर हा लेख रडगाणे झाला असता. पण काही वर्षांपूर्वी रहीमसाहेबांविषयी वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. हैदराबादेत ते वेगळ्याच प्रकारचे सामने भरवत. एका प्रकारात खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचे. दुसऱ्यात चेंडू खेळवत पळायला बंदी. आला की दुसऱ्याकडे द्यायचा. दोन्ही पाय सारखे चालावेत आणि चेंडू माणसापेक्षा वेगाने फिरावा, हा त्यामागचा हेतू.

मित्रहो, ‘लंगडी फुटबॉल’ आठवते का?

दर शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर. सर आपल्या सगळ्यांच्या उजव्या पायाला सुतळी बांधत. सुतळीच्या पायाने चेंडू मारला की समोरच्या संघाला फ्री किक. आपल्याला ती शिक्षा वाटे. डावऱ्या मुलांच्या डाव्या पायाला सुतळी. ती पोरे आणखी चिडत. आणि आठवड्यातून एकदा तो दुसरा खेळ, ज्यात चेंडू दोन वेळांपेक्षा जास्त पायाला लागला की शिट्टी आणि मैदानाबाहेर. आपल्यातले जे चेंडू अंगाशी घेऊन नाचायचे, ते त्या दिवशी पोटदुखीची चिठ्ठी आणत. बूट आपल्या कोणाकडेच नव्हते, चेंडू एक, त्याचा ब्लॅडर पंक्चरवाल्याकडून जोडलेला. सर त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. हा खेळ त्यांनी कुठून आणला, हे आपण विचारले नाही. ‘सरांची खोड’ म्हणून आपण सोडून दिले.

ते पान वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो. सर हैदराबादला शिकले होते. हिशेब करताना ते आकडे उर्दूत पुटपुटत. पूर्णेला गाडी बदलून, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी ती मीटरगेजची गाडी त्यांनी तरुणपणी किती वेळा धरली असेल. मेलबर्नला गेलेल्या संघाला ज्या मास्तराने शिकवले, त्याचे वर्ग, त्याचे सामने, निदान त्याच्या मैदानाच्या कडेला उभे राहणे सरांच्या वाट्याला आले असणार, असे माझे मन म्हणते. पुरावा माझ्याकडे सुतळीचा आहे. म्हणजे नोकरी देणारा दुवा हिंगोलीपर्यंत आला नाही, पण शिकवणारा आला होता. आपल्या धुळीच्या मैदानावर, अनवाणी, आपण मेलबर्नच्या संघाचाच सराव करत होतो, आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते.

आज चित्र काही प्रमाणात बदलले आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग. चेंडू मारून पोट भरते, असे आता म्हणता येते, थोड्यांचे भरते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला आणि पुढे व्यावसायिक झाला. त्याच्या क्लबांपैकी एक हैदराबादचा होता, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. कोल्हापूरला तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर गर्दी आहे, म्हणून तिथून मुलगा वर येतो. १ मे १९९९ पासून आपलाही स्वतंत्र जिल्हा आहे. जिल्हा झाला, कचेऱ्या झाल्या. त्या वडिलांचा प्रश्न मात्र अजून जागेवर आहे: हिंगोलीत देतात का?

मुंबई फुटबॉल संघटनेच्या वांद्र्याच्या मैदानाला नेव्हिल डिसूझा यांचे नाव दिले आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो असताना मी तिथे जाऊन आलो. शाळकरी मुले खेळत होती. कुंपणाबाहेर उभ्या एका मुलाला मी विचारले, “नेव्हिल डिसूझा कोण रे?” तो म्हणाला, “ग्राउंडचं नाव आहे, काका.” मी त्याला तीन आकडे सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि त्याचा नंबर आला म्हणून आत पळाला. आपणही सरांचे एवढेच ऐकले होते.

शाळेची ती सामानाची खोली नव्या इमारतीच्या वेळी पाडली गेली. स्नेहमेळाव्याच्या निधीतून काय करावे, यावर सध्या आपल्या गटात बरीच चर्चा चालू आहे. व्यासपीठ, कमान, सभागृहाचे पंखे. माझी सूचना साधी आहे. लोखंडी खांबांचे दोन गोल, दहा चांगले चेंडू, आणि दरवर्षी एका मुलाचा किंवा मुलीचा शिबिराचा पूर्ण खर्च, मूग काढणीला लागणाऱ्या एका माणसाच्या मजुरीसह. शेवटचे कलम आपल्या सेंटर फॉरवर्डने सुचवले आहे आणि पहिली पाच वर्षे ते पैसे तोच देणार आहे. नव्या खोलीच्या दारावर तीन आकडे लिहायला खडू मी आणतो.

आणि आणखी एक. सर आता नाहीत. त्यांच्या हैदराबादच्या दिवसांविषयी आपल्या गुरुजनांपैकी कोणाला, सरांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना किंवा आपल्यातल्या कोणाला काही माहिती असेल. एखादा फोटो, एखादे प्रमाणपत्र, बोलण्यात आलेले एखादे नाव. ते मेळाव्याच्या दिवशी मला सांगा. सुतळीखेरीज दुसरा एखादा पुरावा मला हवा आहे.